मूठभर कणीक

बरकतपुऱ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मामी, आई गेली... झोपेतच." फोन ठेवला आणि हाताला लागलेली कणीक बघत उभी राहिले. त्याला सहा आठवडे झाले. रडून झालंय, आता नुसता थकवा उरलाय.

मालूवन्सं माझ्या नणंद. वीसेक वर्षांपूर्वी त्या सुकत चालल्या होत्या; रक्त कमी, अंगात त्राण नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यांवर उठतं. पोळी, शिरा, शेवया जन्मभर बंद. "आपल्याच माणसावर उठायचं, म्हणजे सासरच्यांसारखंच की!" मी म्हटलं. त्या हसल्या. मला मात्र हे सगळे नखरे वाटत होते. मी तेव्हा पन्नाशीची, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. इथल्या बोलीत सांगायचं तर पक्की हौली, म्हणजे खुळी. माणूस न खाऊन आजारी पडतं, खाऊन नव्हे, हे माझं वैद्यकशास्त्र.

एका रविवारी त्या विद्यानगरला आमच्याकडे जेवायला आल्या, तेव्हा मी ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक मिसळली. कळू तर दे, सगळे मनाचे खेळ आहेत! त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, वर म्हणाल्या, "वहिनी, आज भाकरी भारी मऊ झालीय हो." मी मनातल्या मनात टाळी वाजवली... संध्याकाळपासून उलट्या-जुलाब, आठवडाभर त्या अंथरुणात. मी पेज घेऊन गेले, उशाशी बसले आणि तोंड उघडलं नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. फक्त पुढच्या वेळी स्वतःचा डबा आणला. "तुम्हाला कशाला परेशान करायचं?" मग सण असो, बारसं असो, माझ्या घरात त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तरी मी त्यांच्यासाठी ज्वारी निवडून, गिरणीत गव्हाचं पीठ लागायला नको म्हणून घरीच मिक्सरवर दळून ठेवायची. पण 'तुम्हाला कळलं होतं का?' एवढं विचारायची हिंमत झाली नाही.

जायच्या पंधरा दिवस आधी आल्या, त्या हात हलवत.

"डबा?"

"नाही आणला. दोन भाकरी टाका."

"वन्सं, त्या वेळी मी... पिठात..."

"हौ, ठाऊक आहे. त्याशिवाय तुमची भाकरी मऊ कधी झाली होती? आता टाका, भूक लागलीय."

मी परात तीनदा धुतली. म्हटलं, "आत येऊन बघा तरी."

"कशाला?" म्हणाल्या, आणि जेवायच्या टेबलाची खुर्ची फिरवून, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसल्या. दोन्ही भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मीच चार फोन केले. त्या ठणठणीत होत्या.

हृदय बंद पडलं म्हणे. त्या जुन्या कणकेचा काही संबंध नाही, मी डॉक्टरांना विचारून आले. दोनदा. दुसऱ्यांदा ते वैतागले.

केर काढताना सूनबाई ती खुर्ची रोज सरळ करते. ती आत गेली की मी परत फिरवून ठेवते.