जेल निवेपर्यंत

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा पातेल्यातलं जेल अजून गरम होतं. नसरापूरला रिकाम्या बाटल्या आणायला गेलेला माणूस शेअर रिक्षात चढता चढता कोसळला... मी कामथडीच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगडी बंद केली आणि तसाच धावत सुटलो. पाच-सहा आठवडे झाले, पण पाय अजून एका जागी ठरत नाहीत.

त्याचं सलून, माझी रसायनशास्त्राची पदवी. दोघांनी मिळून केसांना लावायचं जेल करायला घेतलं होतं. जेल दाट करायला आम्ही जी पूड वापरायचो तिचं तंत्र उलटं. गार पाण्यात टाकली की गुठळ्या धरायची. कढत पाण्यात छान पसरायची, पण गरम असेपर्यंत पाणी ते पाणीच. निवायला लागलं की मग दाट व्हायचं. म्हणजे ढवळणं थोडं आणि वाट पाहणंच फार, आणि रफिक तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! "आरं दत्ता, नुसतं बसून काय राखन करायची? टाक की अजून दोन मुठी!" टाकल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी पातेलं उपडं करूनही जेल हललं नसतं. म्हणून मी पुडीचा डबा मांडीखाली दाबून बसायचो.

आमचा पहिला मोठा व्यापारी आला तो नेमका जेल कढत असताना. चमचा बुडवून म्हणाला, "ह्ये तर पानी हाय!" मी थांबा थांबा म्हणतोय, तोवर टेम्पोत बसून भोरकडे निघूनही गेला. सगळं बुडालं, असं मला वाटलं. रफिकनं मात्र बाटली भरली, हात भाजतो म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून हँडलला बांधली आणि स्कूटर हाणली. थंडीचे दिवस, समोरून वारं... भोरच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या व्यापाऱ्यासमोर बाटली उघडली, तर आत जेल! ऑर्डर घेऊनच आला. "तू दिसभर वाट बगतुयास. म्या रस्त्यात जमवलं!" ते ओल्या फडक्यानं आणि वाऱ्यानं जमवलं होतं, पण मी त्याची पाठच थोपटली. इतका खूश होता तो.

आता तर त्या घाईचाच मला राग येतो. जायचीही एवढी घाई?

त्याला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको, शमीमवहिनी, म्हणाल्या, "भाऊ, त्यांचं शेवटचं काम हाय. वाया घालवू नका." सलूनवाल्यांना माल त्याच आठवड्यात द्यायचा होता. शेड उघडलं. जेल काचेसारखं बसलं होतं, एकही गुठळी नव्हती. जाण्याआधी दाट झालं का बघायला त्यानं बुडवलेला कंगवा आत तसाच होता, काठाला टेकलेला. बाटल्या मागवून भरल्या, माल पाठवला. कंगव्याभोवतीचं तेवढं जेल मात्र पातेल्यात ठेवलंय. ते आता सुकत चाललंय, आणि नवीन पाणी तापवायला मला दुसरं पातेलं आणावं लागलंय.