काही आणू नका, मावशी

कलावती आंब्रे यांनी डोंबिवलीच्या आयरे रोडवर पंचवीस वर्षं पाळणाघर चालवलं. तळमजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि एका वेळी दहा-बारा मुलं. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत होता, तो लवकर गेला. स्वतःचं मूल झालं नाही. ज्यांच्या आया सकाळी ठाण्याला नाहीतर मुंबईला कामावर जायच्या, ती मुलं त्यांच्या हाताखाली वाढली. सगळी त्यांना कलामावशी म्हणायची, आणि अगदी एकेरीत. "कलामावशी, तू इथे बस ना."

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी मुलं नेहमीसारखी घरी गेली. सोमवारी कुणी आलं नाही. लॉकडाऊन वाढत गेलं, आयांची कामं घरून सुरू झाली, मुलं शाळेच्या वयाची झाली आणि पाळणाघर पुन्हा उघडलंच नाही. कुणाचा निरोप म्हणून घेता आला नाही. मुलांचे कप, नावं घातलेले नॅपकिन, अर्धी रंगवलेली चित्रं कपाटात तशीच राहिली. वर्षभराने खोल्या सोडून कलावतीबाई कळव्याला, खारेगावात पुतण्याकडे राहायला आल्या.

त्या शेवटच्या मुलांत ऋजुता आठल्ये होती. सात महिन्यांची आली आणि साडेतीन वर्षांची होऊन गेली. बाकीची मुलं जेवली की आडवी व्हायची. ही मांडीवर घेतल्याशिवाय डोळा मिटायची नाही. लॉकडाऊन उठल्यावर आठल्ये कुटुंब बाळकुमला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला गेलं, एवढं कानावर आलं होतं. कळव्याहून बाळकुम म्हणजे खाडीचा पूल ओलांडला की आलंच. पण आपणहून कसं जायचं?

गेल्या डिसेंबरात ऋजुताच्या आईचा, हेमांगीचा, फोन आला.

"मावशी, साकेतच्या ऑफिसने चार पास दिलेत, खोपोलीकडच्या थीम पार्कचे. सासूबाई येणार होत्या, पण त्यांचे गुडघे फार दुखतायत. तुम्ही याल का? आम्ही दोघं एखाद्या मोठ्या राइडला गेलो तर ऋजुताजवळ कुणीतरी हवं."

सासूबाईंच्या पासावर आपण जाणार, हे कलावतीबाईंना तेव्हाच कळलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "येते की," त्या म्हणाल्या. "काय काय आणू?"

"काही आणू नका, मावशी. आता स्ट्रोलर नाही, त्यामुळे काही अडकवायला जागा नसते. एक छोटी पर्स घ्या फक्त. आणि साडी नको हं, ड्रेस घाला."

पाळणाघर होतं तेव्हा दर डिसेंबरात कलावतीबाई मुलांना ठाण्यातल्या एका लहानशा पार्कात न्यायच्या. मदतीला दोन-तीन आया आणि बरोबर एक बाबागाडी. गाडीच्या दांड्याला पाण्याचा कॅन, दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या पिशव्या, खालच्या जाळीत डबे. मुलं चालायची आणि सामान गाडीत बसायचं. ऋजुता सगळ्यात लहान म्हणून तेवढी तिला गाडीत जागा, मांडीवर टॉवेलांची चळत धरून.

आता गाडी नव्हती, आणि एक छोटी पर्स घ्यायला सांगितलं होतं. पण नुसत्या हाताने मुलाला घेऊन बाहेर पडायचं हे काही त्यांना जमेना. शनिवारी त्यांनी पुतण्याची जुनी सॅक काढली. टॉवेल, नॅपकिन, मऊ रुमाल. गरम पाण्याचा थर्मास, कारण ऋजुताला थंड पाण्याने खोकला व्हायचा. कानात घालायला कापूस, कारण तिला मोठ्या आवाजाची भीती वाटायची. पट्ट्या, टाल्कम पावडर, सेफ्टी पिना. एका डब्यात वरणभात, एका डब्यात शिरा. ओले कपडे ठेवायला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या. राहता राहिला कोरडा फ्रॉक, म्हणून त्या कळव्याच्या बाजारात गेल्या.

"किती वर्षांची आहे?" दुकानदाराने विचारलं.

"नऊ."

"अंगाने कशी आहे? आणि उंची साधारण?"

कलावतीबाईंनी हात पुढे केला. जमिनीपासून वर नेला आणि कमरेशी आणून थांबवला. मग आणखी थोडा वर नेला. कुठे थांबवायचा तेच त्यांना कळेना. दुकानदार वाट बघत होता. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मध्यम आहे," आणि त्याने दाखवला तो पहिला फ्रॉक त्यांनी घेतला.

रविवारी सकाळी साडेसातला खारेगावच्या नाक्यावर गाडी थांबली. मागचं दार उघडून एक लांब पायांची, चष्मा लावलेली मुलगी खाली उतरली आणि तिने वाकून पायाला हात लावला.

"नमस्कार आजी. तुम्ही खिडकीत बसणार का?"

कलावतीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं त्यांच्या छातीपर्यंत आलं होतं. "बसते हं," एवढंच त्या म्हणाल्या. आजी आणि तुम्ही, दोन्ही एकदमच कानावर पडले होते. हेमांगीने मुलीला चांगलं वळण लावलं होतं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

पार्कच्या गेटवर बॅगा तपासत होते. खाकी पँटमधल्या बाईने सॅकमधून दोन्ही डबे बाहेर काढले.

"मावशी, बाहेरचं खाणं चालत नाही. बरोबर लहान बाळ आहे का? बाळाचं असेल तर चालेल."

"नाही," कलावतीबाई म्हणाल्या. "बाळ नाहीये."

"मावशी, मी म्हटलं होतं ना," हेमांगी हळूच म्हणाली. साकेत डबे घेऊन गाडीत ठेवून आला. तोपर्यंत रांग त्यांच्या मागे खोळंबली होती आणि कलावतीबाईंना कुठे बघावं कळत नव्हतं.

आत गेल्यावर त्यांनी बघितलं, या लोकांकडे सामान म्हणून फारसं काही नव्हतंच. साकेतच्या पाठीवर एक चपटी सॅक: पाण्याच्या राइडसाठी तीन पातळ रेनकोट, प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट, चार्जर. पाण्याची बाटली ज्याची त्याच्याकडे. ऋजुताच्या कमरेला निळा पाउच होता, तो तिने स्वतः उघडून दाखवला. टिश्यू, उन्हाचं क्रीम, एक क्लिप, खोकल्याची गोळी आणि आईबाबांचे फोन नंबर लिहिलेला कागद.

"हरवले तर," ती समजावत म्हणाली. "नंबर मला पाठ आहेत, पण घाबरल्यावर विसरायला होतं ना."

"स्ट्रोलर सुटला तेव्हा पहिले काही महिने सगळं मीच पाठीवर घेऊन फिरायचे," हेमांगी म्हणाली. "मान गेली माझी. मग ठरवलं, ज्याचं त्याने घ्यायचं. जे तिला स्वतःला उचलवत नाही ते आणायचंच नाही."

ऋजुता पुढे चालत होती. कलावतीबाईंनी सॅकमध्ये हात घालून फ्रॉक थोडा वर ओढला आणि तिच्या पाठीशी नजरेनेच मापून बघितला. खांद्यातच बसला नसता. त्यांनी तो टॉवेलाखाली खोल दाबून ठेवला.

अकराच्या सुमारास हेमांगी आणि साकेत एका मोठ्या राइडच्या रांगेत गेले. तासभर तरी लागणार होता. ऋजुताला त्या राइडमध्ये बसायचं नव्हतं. दोघी झाडाखालच्या बाकावर बसल्या.

"आजी, मी लहानपणी तुमच्याकडे यायचे ना? आई सांगते."

"यायचीस. सात महिन्यांची होतीस."

"मला एक आठवतं," ऋजुता म्हणाली. "तुमच्याकडे मासे होते. काचेच्या टाकीत. दोन होते, आणि एक केशरी होता. मी सारखी टाकीला नाक लावायचे."

कलावतीबाईंच्या पाळणाघरात मासे कधीच नव्हते. टाकी ठेवायला जागाच नव्हती. बाळकुमला गेल्यावर हिला जिथे ठेवत असतील तिथे असतील. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती चष्मा वर सरकवून मोठ्या आशेने उत्तराची वाट बघत होती. पाळणाघराचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि तेही दुसऱ्याच घरातलं.

"होते," त्या म्हणाल्या. "केशरी जरा जास्तच खायचा."

ऋजुता खूश झाली. "बघा! आई म्हणते तुला काही आठवत नाही."

मग ती म्हणाली, आकाशपाळण्यात बसू या. तिथे रांग कमी होती. पण दारावरच्या माणसाने सॅक बाहेर फळीवर ठेवायला सांगितलं. मुलांचं सामान असं उघड्यावर सोडून कलावतीबाई पंचवीस वर्षांत कधी हलल्या नव्हत्या.

"त्यात काही महत्त्वाचं आहे का?" ऋजुताने विचारलं.

त्यांनी आठवून बघितलं. "नाही गं," त्या म्हणाल्या आणि सॅक फळीवर ठेवली.

पाळणा वर चढायला लागला. डोंगर दिसले, खाली पार्किंगमधल्या गाड्या काड्यापेटीएवढ्या झाल्या. अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला आणि जरासा हलला.

"आजी, घाबरलात का? भीती वाटत असेल तर माझा हात धरा."

कलावतीबाईंना भीती मुळीच वाटत नव्हती. तरुणपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळण्यात त्या उभ्या राहून ओरडायच्या. पण त्या म्हणाल्या, "हो गं, जरा वाटतेय."

ऋजुताने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. हात लांब झाले होते, बोटांवर पेनाची शाई होती, पण तळवा अजून ओलसर आणि गरम होता. असा हात त्यांनी रोज दुपारी धुतला होता, पुसला होता. पाळणा चार फेऱ्या फिरला. उतरताना ऋजुताने विचारलं, "आता बरं वाटतंय का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून थोडी चक्कर आहे," आणि फळीपर्यंत हात सोडला नाही.

दुपारी जेवून निघाल्यावर हेमांगी लंगडायला लागली. नवीन सँडल टाचेला लागून कातडी सोलली होती. साकेतने सॅक उलटीपालटी केली. मुलीचं सगळं होतं, मोठ्यांना काही लागेल याचा विचारच कुणी केला नव्हता.

"बस इथे," कलावतीबाई म्हणाल्या. थर्मासच्या कोमट पाण्याने टाच धुतली, मऊ रुमालाने टिपली, पट्टी लावली. चपलेच्या पट्ट्याखाली कापूस घातला. साकेत आणि ऋजुता आइस्क्रीम आणायला गेले होते. हेमांगी त्यांच्या डोक्याकडे, पिकलेल्या भांगाकडे बघत होती.

"मावशी, एक बोलू? राग मानू नका."

"बोल ना."

"लॉकडाऊनमध्ये ती दोन महिने रडत होती. रोज दुपारी. कलामावशीकडे जायचंय, कलामावशीकडे जायचंय. मी घरात, तिच्यासमोर बसलेली, आणि ही तुमच्या नावाने रडतेय. मला इतका राग यायचा, मावशी. तुमचा. मग एक दिवस थांबली. नंतर मला भीती वाटायची, तुम्हाला भेटवलं तर पुन्हा सुरू होईल. म्हणून नाही केला फोन. आज करू, उद्या करू करत पाच वर्षं गेली."

कलावतीबाईंनी पट्टीची कड बोटाने दाबून बसवली. पाच वर्षं त्यांना वाटत होतं, मुलं ती, विसरली असतील दुसऱ्याच दिवशी. तसं वाटून घेणंच बरं होतं. आता दोन महिन्यांच्या सगळ्या दुपारी एकदम समोर आल्या, आणि त्या दुपारी त्या स्वतः बंद खोलीत बसून होत्या, मांडी रिकामी.

"सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एक फोन करायचास गं. फोनवर तरी झोपवली असती."

हेमांगीने तोंड दुसरीकडे वळवलं. कलावतीबाईंनी तिच्या पायात सँडल अडकवून पट्टा लावला, आणि दोघी आइस्क्रीमची वाट बघत बसल्या.

सहाला सगळे निघाले. शिळफाट्याला येईपर्यंत अंधार पडला होता आणि पुढे मुंब्रा बायपासवर ट्रकांची रांग लागली होती. साकेतने इंजिन बंद केलं. "झालं! आता तासभर गेला," तो म्हणाला. हेमांगीने मोबाईलवर रस्ता बघितला, लालभडक होता. "उद्या शाळा आहे हिची," ती वैतागून म्हणाली.

मागे ऋजुता केव्हाच झोपली होती. झोपेत ती कलंडली, डोकं कलावतीबाईंच्या दंडावर आलं, मग घसरून मांडीवर. चष्मा नाकावरून तिरका झाला. त्यांनी तो अलगद काढून हातात धरला. नऊ वर्षांच्या पोरीचं डोकं चांगलंच जड असतं. पाय सीटवर मावत नव्हते, दारापाशी दुमडले होते. थोड्याच वेळात त्यांच्या मांडीला मुंग्या आल्या. त्या हलल्या नाहीत.

बाहेर हॉर्न वाजत होते. एक ट्रकवाला खाली उतरून पुढे काय झालंय ते बघत होता. साकेत सारखा मान बाहेर काढत होता. गाडीत एकट्या कलावतीबाईंनाच कसली घाई नव्हती. रस्ता इतक्यात सुटू नये, असं त्या मनात म्हणत होत्या, आणि आपण असं म्हणतोय याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

पावणेआठला पुढचा ट्रक हलला.