चाक वाळूत शिरलं तेव्हा

पाटणजवळच्या एका शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर प्रकाशाचा धडा घेतला. ग्लासातल्या पाण्यात पेन्सिल ठेवली, ती मोडल्यासारखी दिसते हे पोरांना दाखवलं आणि नेहमीचं वाक्य सांगितलं, 'हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून तो वाकतो.' त्या दिवशी मुख्याध्यापक तास बघायला मागच्या बाकावर बसले होते.

एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, वेग कमी झाला तर सरळच पण सावकाश जाईल की. वाकायचं काय कारण?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला ठाऊकच नाही. इतकी वर्षं मी ते वाक्य सांगत होते, कुणी अडवलं नव्हतं.

"ते पुढच्या वर्षी येतं," मी म्हणाले. ती खाली बसली. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. काही बोलले असते तर बरं झालं असतं. घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

रविवारी शिराळ्याकडे माहेरी गेले. वडील फौजेतून निवृत्त झालेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून चाकाच्या खुर्चीत असतात आणि त्या खुर्चीतून गावात जायला ते तयार नसत. त्या दिवशी मी खूप विनवल्यावर कबूल झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, मिशा विंचरून घेतल्या. देवळाच्या कट्ट्यावर त्यांचे जुने फौजी सोबती बसतात, तिथं निघालो.

देवळापुढं पेव्हर ब्लॉक बसवायचं काम चाललं होतं. त्यासाठी बोटभर जाडीची वाळू पसरली होती. सिमेंटच्या रस्त्यावरून आम्ही तिरपे आत शिरलो. उजवं चाक आधी वाळूत गेलं आणि मंदावलं. डावं अजून सिमेंटवर, तसंच पळत होतं. मी सरळच ढकलत होते, तरी खुर्ची आपसूक उजवीकडे वळली.

मी जागीच थबकले. प्रकाश म्हणजे काही बारीक दोरा नव्हे, त्याच्या लाटेला रुंदी असते. तिरप्या लाटेची एक कड पाण्यात आधी शिरते आणि मंदावते, दुसरी हवेतच पुढं धावत असते. मग सगळी लाटच वळणार!

खुर्ची मागं ओढली आणि सरळ समोरून आत घातली. दोन्ही चाकं एकदम मंदावली, खुर्ची वळली नाही. मग वाळूतून तिरपी बाहेर काढली. आधी सुटलेलं चाक पुढं धावलं आणि खुर्ची उलट्या अंगाला फिरली.

"काय चाललंय तुझं?" वडील म्हणाले.

"जरा थांबा की, आप्पा. एकदाच." मी खुर्ची पुन्हा वाळूत घातली.

कट्ट्यावरच्या गप्पा थांबल्या होत्या. त्यांच्यातले एकजण उठून आले. "आवं, खुर्ची रुतली का? उचलू लागू का?"

वडिलांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "बास कर. मी काय खेळणं हाय व्हय?"

शाळेत कान तापले होते, आता सगळं अंगच तापलं. खुर्चीत माणूस बसलाय हे मी विसरले होते, तेही माझा बाप. कट्ट्यावर न जाताच आम्ही परत फिरलो.

घरी चहा देताना मी त्यांना सगळं सांगितलं, वर्गातलंही.

"त्या पोरीला सांगता आलं न्हाई, म्हणून मला फिरवलंस?"

"व्हय."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग कळलं का?"

"कळलं."

"मग सांग जा तिला. माझं काय सांगू नगंस."

सोमवारी वर्गात आधी, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं, हे सांगितलं. मग एका मोडक्या खेळण्याची दांडीला जोडलेली दोन चाकं घेतली, उतरत्या फळीवर अर्ध्या भागात टॉवेल पसरला आणि चाकं तिरपी सोडली. टॉवेलवर येताच ती वळली. त्या मुलीनं स्वतः दोनतीनदा सोडून बघितली.

"म्हंजे वाकतंय ते रुंदीमुळं," ती म्हणाली. "मॅडम, तुमाला हे कुठं सुचलं?"

"गावाकडं," मी म्हणाले आणि फळा पुसायला वळले.

देवळापुढं आता पेव्हर बसलेत. कट्ट्यावर जाऊया का, म्हणून मी दर रविवारी वडिलांना विचारते. "बघू," म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.