शेवट दुकानात

मिरजगावचे राक्षसमामा गेल्या महिन्यात नागापूरला मुलाच्या घरी वारले. त्याआधी थोडेच दिवस पुण्याचा एक संग्राहक त्यांची पुस्तकं न घेता परत गेला होता.

मामा स्टँडसमोरच्या पत्र्याच्या टपरीत कॉमिक्स वाचायला देत. सगळी एकाच जातीची: परदेशी राक्षसपटांवरून काढलेली, पुण्याच्या रद्दीतून उचललेली. डोंगराएवढा सरडा, नाहीतर डोंगराएवढा खेकडा, शहर तुडवतो. चष्मेवाला प्रोफेसर आधीच बजावत असतो, लष्कर ऐकत नाही. चित्रं घाईची, रंग रेघेबाहेर सांडलेले, आणि तुडवलं जाणारं शहर दर वेळी तेच. मजकूर इंग्रजी. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि मूळ सिनेमांपैकी एकही त्यांनी पाहिला नव्हता. तरी या विषयात जिल्ह्यात आपल्यासारखा माणूस नाही, असं ते सांगत. ते खरं होतं. दुसरं कोणी त्या विषयात शिरलंच नव्हतं.

पोरं पुस्तकं परत आणत नसत. त्यावर मामांनी उपाय काढला. प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान ब्लेडने कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. पुस्तक परत केलं की ते पान टपरीतच उभ्याने पाहायला मिळे.

"मामा, मरतो का नाही तेवढं तरी सांगा," आम्ही विचारायचो.

"शेवट दुकानात हाय. आदी पुस्तक आन."

शेवट बहुतेक वेळा एकच असे: राक्षस समुद्रात परत जाई. एवढं पाहायला आमचा अख्खा वर्ग शाळा सुटल्यावर धावत जायचा. "माझं एकबी पुस्तक बुडालं न्हाई," मामा म्हणत.

मोबाईल आले, टपरी बंद पडली. मामा पुस्तकं आणि डबा घेऊन नागापूरला आले. मुलगा तिथे कारखान्यात फिटर. सुनेला माळा मोकळा हवा होता. आपली पुस्तकं पुन्हा रद्दीत जाऊ नयेत, एवढीच मामांची इच्छा उरली होती. मुलाने शोधलेला संग्राहक फोनवर म्हणाला, "पानं पूर्ण असतील तर सगळी नेतो. काचेच्या कपाटात राहतील."

मामांनी कणकेची खळ शिजवली आणि पानं डकवायला बसले. कोणतं पान कुठल्या पुस्तकाचं, याची खूण त्यांनी कापताना केली नव्हती.

"मामंजी, थांबा की. ते येऊन बघतील," सून म्हणाली.

"त्याला काय कळतंय त्यातलं? हयात गेली माझी."

संग्राहकाने पहिलंच पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. "मामा, पुस्तकभर खेकडा आहे. समुद्रात जातोय तो सरडा."

मामांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "जातोय ना पन समुद्रातच? मग झालं की."

संग्राहकाने आणखी काही पुस्तकं पाहिली, चहा घेतला आणि उठला. मामा दारापर्यंत मागे गेले. "नुसती खळ हाय. पान्यानं निगंल."

"निघेल. चित्रासकट."

दहाव्यानंतर मुलाने मला माळा दाखवला. पुस्तकं तिथेच होती, बिस्किटांचा डबाही. डब्यात न डकवलेलं एक पान उरलं होतं. म्हणजे एक पुस्तक टपरीवर कधी परत आलंच नव्हतं.