भिंतीकडे तोंड करून

कोठीतून ज्वारी न्यायला कोणी आलं, की मावशी लगेच भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मांडीवर विड्यांचं सूप, हात चालू आणि पाठ दाराकडे. "घे बाई तुला लागंल तेवढं, मला तिकडं काम हाय," असं भिंतीलाच सांगायच्या. भिंतीवर मागच्या सालचं कॅलेंडर आणि एक पाल, एवढंच काम होतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत मी शाळामास्तर. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बायकांची ही पत्र्याची कोठी होती. दळणाचा डबा गिरणीवर न्यायच्या आधी प्रत्येकीनं त्यातली ओंजळभर ज्वारी बाजूला काढायची आणि गुरुवारी कोठीत आणून टाकायची. ज्या घरी चूल अडेल त्या घरानं कोठीतून न्यायची. विचारायचं नाही, लिहायचं नाही, बघायचं नाही. हे तीन नियम मावशींचे. मावशी मूळच्या करकंबच्या. नवरा कामाला होता ती कापडगिरणी बंद पडल्यावर त्यांनी शेजारणीकडून पायलीभर ज्वारी उसनी आणली होती आणि दुसऱ्या दिवशी नळावरच्या सगळ्या रांगेला ते माहीत झालं होतं. ती रांग त्या कधी विसरल्या नाहीत.

मी एकदा थट्टेनं विचारलं, "मावशी, रोज त्या पालीत काय बघता?"

"मास्तर, बघितलं की ध्यानात ऱ्हातं. ध्यानात ऱ्हायलं की एक दिस तोंडातनं निघतं. आपल्या तोंडाचा काय भरवसा? बघायचंच न्हाय."

अशी स्वतःच्या तोंडावर अविश्वास दाखवणारी माणसं तुम्ही किती पाहिलीत? मी तर ही एकच पाहिली.

"हितं कुणी देणारं न्हाय, कुणी घेणारं न्हाय, समद्या वाटेकरी," हे त्यांचं दुसरं वाक्य. आणि ते खरंही होतं. ज्या बाईनं परवा ओंजळ टाकली, तीच आज पदराखाली पिशवी घेऊन यायची. पलीकडच्या गल्लीतली नरसम्मा तशीच. घरात तेलुगू, बाहेर मोडकंतोडकं मराठी, एकटी राहणारी, दिवसभर विड्या वळणारी. हातात काम असलं की तिची ओंजळ सगळ्यांत मोठी असायची.

मग एका वर्षी ज्वारी फार महागली. ओंजळीच्या मुठी झाल्या, मुठीच्या चिमटी झाल्या आणि कोठीचा तळ दिसायला लागला. माझ्यातला शिकलेला माणूस जागा झाला. माझ्या ओळखीचे एक व्यापारी दहा पोती गहू द्यायला तयार होते. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की वाटपाचा एक फोटो हवा.

मावशींनी सूप खाली ठेवलं. "फोटू कुणाचा?"

"नेणाऱ्यांचा. देणाऱ्याला जरा समाधान."

"मग कोठीचा काढा की. ती काय लाजत न्हाय."

मी हसलो. मग बराच वेळ त्यांना समजावलं. जग बदललंय, एका फोटोनं काही बिघडत नाही, आणखी बरंच काही. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला कळतंय." आता आठवलं, की त्यांचा तो सूर माझ्या ध्यानात कसा आला नाही याची लाज वाटते.

वाटपाच्या दिवशी सगळा वेळ त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी मोबाइलवर फोटो काढले. आठवड्याभरात चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. मधोमध व्यापारी, शेजारी दोन्ही हातांत पिशवी धरलेली नरसम्मा, वर 'गरजूंना मदतीचा हात'. कोपऱ्यात मावशींची पाठ.

त्याच दिवशी नरसम्मा आली. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेली तिथं सगळ्यांनी तिला हसत विचारलं होतं, की फोटो कधी काढला. तिनं पिशवीतला गहू तसाच कोठीत ओतला आणि मला म्हणाली, "मी बी ओंजळ टाकत होते की, सर. मी गरजू कधी झाले?"

 

मावशींनी फ्लेक्स स्वतः विळ्यानं कापून उतरवला. उपयोग झाला नाही. बायका यायच्या बंद झाल्या, न्यायलाही आणि टाकायलाही. नरसम्मा तर अंगणातही दिसेना. ती नुसत्या चहावर राहते असं कळलं, तेव्हा मावशी भर दुपारी ज्वारीची पिशवी घेऊन तिच्या दाराशी गेल्या. मी मागे होतो. त्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, दाराकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "नरसू, मी न्हाय बघत. दार उघड की."

आतून भांडं सरकल्याचा आवाज आला. मावशी उन्हात तशाच उभ्या राहिल्या. दार उघडलं नाही. संध्याकाळीही पिशवी उंबऱ्यावरच होती.

त्या हिवाळ्यात नरसम्मा गेली. दवाखान्यात अशक्तपणा असं सांगितलं. मावशी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गुरुवारी खोली उघडायच्या आणि दिवसभर पाठ करून बसायच्या, न येणाऱ्या बायकांसाठी.

गेल्या उन्हाळ्यात मावशीही गेल्या. मुलगा म्हणाला, "सर, तुमच्या मोबाइलमध्ये आईचा एखादा फोटो असेल ना? हार घालायला." होता. तोच, वाटपाच्या दिवसाचा. त्यानं बराच वेळ त्या पाठीकडे पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

आता गुरुवारी मी खोली उघडतो. कोठीत माझ्या घरची ज्वारी टाकतो आणि त्यांच्या जागी भिंतीकडे तोंड करून बसतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मागे पाऊल वाजलं. कोठीचं झाकण हळूच निघालं.  कोण असेल, खरंच कोणी आलंय का, मला राहवलं नाही.

मी वळून पाहिलं.

पदर तोंडावर ओढलेली एक बाई होती. हातातलं झाकण तिनं जागच्या जागी ठेवलं, रिकामी पिशवी काखेत घेतली आणि ती निघून गेली. त्यानंतर कोणी आलेलं नाही.