मुलीला विचारलेलं
आदिलाबादहून निर्मलला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर चार वर्षांची मुलगी.

"घरी लई बोलते, भाऊ. आज शाळेत मॅडमनं तेलुगूत नाव विचारलं तं गप. कसं होईन हिचं?"

मी मुलीला मराठीत नाव विचारलं. उत्तर आईने दिलं. खिडकीपाशी बसायचंय का, तेही आईनेच सांगितलं. मग मी विचारणं सोडून दिलं.

इचोड्याला बस थांबली, तशी मुलगी आईचा पदर ओढू लागली.

"थांब न, भाऊसोबत बोलून राह्यली मी."

बस सुटल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आबाचं दुकान मागं गेलं."

आई ताडकन उठली. "मंग सांगाचं न. तोंड नाही का तुले?"

कंडक्टरने बस थांबवली आणि हसून मुलीलाच विचारलं, "कुठं उतरायचं होतं, बेटी?"

मुलीने तोंड उघडलं.

"इचोड्याले," आई म्हणाली.