चार पदरांचं गाळण

आक्काताईंचं पाणी गाळणं बघावं असं होतं. विहिरीतून पोहरा वर आला की घागरीच्या तोंडाला दुपदरी फडकं लावायचं, धार बारीक सोडायची, आणि फडक्यावर जे राहील ते खाली वाकून, हलक्या हातानं, त्याच विहिरीत परत सोडायचं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिथं जीव नाही असं थोडंच आहे? जैनाच्या घरात सगळेच पाणी गाळतात, पण घाईच्या वेळी कुणी फडकं नुसतं झटकून मोकळं होतं. आक्काताईंनी उभ्या जन्मात तसं केलं नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून दोन एकर जमीन, एक मुलगी आणि हा नेम, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

गाव सांगलीपासून आठ मैलांवर, कृष्णाकाठी. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मुलगी पद्मावती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, माघात तिला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी ताप डोक्यात जाऊन ती गेली. जावई सुकुमार सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला. त्याच्या घरी बाईमाणूस नव्हतं. तो म्हणाला, "मामी, हिला तुम्हीच वाढवा." आक्काताईंनी नातीचं नाव त्रिशला ठेवलं आणि पदर खोचला.

पण पोरीला दूध सोसेना. शेजारच्या राहीबाईच्या म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, जुलाब. शेळीचं दिलं, जुलाब. सुकुमारनं खटपट करून दुधाच्या भुकटीचा डबा आणला, त्यानंही तेच. तीन महिन्यांची पोर वाळक्या शेंगेसारखी झाली. शेवटी मिरजेला नेली. डॉक्टर म्हणाले, "हिला दूधच चालत नाही. शेंगदाण्याचं दूध करून पाजा." नर्सबाईनं रीत सांगितली. दाणे भिजवायचे, सालं काढून वाटायचे, पाण्यात कालवून एकदा गाळायचे आणि उकळायचे. "पाचवा महिना लागला की नाचणीची पेज, मऊ भात सुरू करा हं मावशी," असंही ती म्हणाली. आक्काताईंनी मान डोलावली.

दाणे रात्रभर भिजले की पाण्यात सूक्ष्म जीव धरतात, ते त्यांच्या नेमात बसत नव्हतं, म्हणून त्या पहाटे उठून कोमट पाण्यात घालायच्या. पाट्यावर लोण्यासारखं वाटायच्या. गाळायला पद्मावतीच्या जुन्या पातळाचा तुकडा घेतला होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. उकळलेलं दूध नवी कल्हई केलेल्या तपेलीत ओतायचं, वर वाटी पालथी घालायची, तपेलीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि पाण्याच्या घागरींखालच्या ओल्या वाळूत ती निम्मी पुरून ठेवायची. उन्हाळ्यातसुद्धा दुपारपर्यंत टिकायचं. पाजण्याआधी थेंब मनगटावर घेऊन हुंगायच्या, जरा आंबूस वाटलं तर सगळं टाकून पुन्हा वाटायला बसायच्या. शिळा थेंब पोरीच्या पोटात कधी गेला नाही.

आणि जुलाब थांबले! पंधरा दिवसांत पोर हसायला लागली. आक्काताईंनी बस्तीत, जैनांच्या देवळात, जाऊन भगवंतापुढं डोकं टेकलं, तर उठवेचना.

ज्येष्ठात एक दिवस ती पिताना ठसकली. घशात दाण्याचा कण अडकला होता. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. आक्काताईंनी पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, बोट घातलं, तेव्हा कुठं श्वास लागला. त्या दिवशी त्यांनी गाळण चौपदरी केलं. तेवढ्यानंही जीव राहिना, म्हणून गाळलेलं अर्धा तास ठेवायचं, वरचा तवंग काढायचा, तळचा गाळ हलवायचा नाही आणि मधली निवळ तेवढी वाटीनं अलगद घ्यायची असं सुरू केलं. पेज आणि भात तर लांबच राहिला. एवढा कण घशात बसला, मग शीत कसं द्यायचं? दात येऊ देत, मग बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

चोथा वाया जायला नको म्हणून राहीबाई तो रेडकासाठी न्यायची. एकदा तिनं तपेलीत डोकावून बघितलं.

"आवं आक्का, ह्यो काय दूध हाय? आरसा हाय आरसा. माझं तोंड दिसतंया ह्यात."

"तुझं तोंड पडलं म्हणजे टाकूनच द्यायला पायजे की गं ते."

राहीबाई खळखळून हसली. मग म्हणाली, "पर लय गाळतासा तुमी. देवानं दाण्यात घातल्यालं समदं फडक्यातच ऱ्हातंय. माझं रेडकू बघा कसं टुमटुमीत झालंय."

"आणि घशात अडकलं तर? तू येणार हाईस व्हय काढायला?"

"न्हाई बाई. नात तुमची, कळतंय तुमास्नी," म्हणून राहीबाई पाटी उचलून गेली.

श्रावणात त्रिशलाचे गाल भरले. हातापायांना गोलाई आली. गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, "आक्का, पोरीनं बाळसं धरलं की." पोर रडतसुद्धा नव्हती. ठेवाल तिथं पडून राहायची, दिलं तर प्यायची. गुणी हो, अगदी आईवर गेली, असं आक्काताई सांगायच्या. केस तेवढे तांबूस झाले होते, पण सुकुमारचेही लहानपणी तसेच होते म्हणे. तो रविवारी आला, लेकीचे गाल बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामी, तुमचे उपकार कुठं फेडू?" तो म्हणाला. आक्काताईंना वाटलं, पद्मावती वरून बघत असेल तर तिचाही जीव निवला असेल.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी राहीबाईनं पोरीला मांडीवर घेतलं आणि सहज पायाला अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, कणकेत बोट रुतावं तसा.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "हे बाळसं न्हाई. सूज हाय ही."

दुपारच्या यष्टीनं दोघी मिरजेला गेल्या. तीच नर्सबाई होती. तिनं पोरीची पापणी ओढून बघितली, पाय दाबला, केस बोटांत धरले. मग विचारलं, "मावशी, काय काय खायला देता?"

आक्काताईंनी सगळं सांगितलं. पहाटेचं भिजवणं, चार पदर, तवंग, निवळ. सांगताना त्यांचा आवाज जरा चढलाच, कारण एवढं निगुतीनं कोण करतं?

नर्सबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि चोथा?"

"तो हिच्या रेडकाला."

नर्सबाईनं मान खाली घातली. तिनं दोष दिला नाही. शांतपणे समजावून सांगितलं की पोरीच्या अंगात आता बळ उरलेलं नाही, अंगात पाणी साठलंय. दाण्याचं सत्त्व जाडसर दुधात असतं, तवंगात असतं, गाळात असतं. चार पदरांतून येतं ते नुसतं दाण्याच्या वासाचं पाणी. राहीबाईनं तोंडाला पदर लावला.

नळीनं पाजलं, सुया टोचल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्रिशला गेली. जातानाही रडली नाही. मळ्याच्या बांधाला तिला मूठमाती दिली, तेव्हा सुकुमारनं छोटं गाठोडं स्वतःच्या हातानं खाली ठेवलं.

गल्ली येऊन बसली. जो तो म्हणायचा, "आक्का, आईनं केलं नसतं एवढं केलंसा तुमी." त्या शब्दासरशी आक्काताईंना वाटायचं, कुणीतरी उठून आपल्या तोंडात मारावी. राहीबाईला सगळं ठाऊक होतं, पण ती कुणापाशी बोलली नाही. रेडकू मात्र तिनं भावाकडं नेऊन सोडलं.

भाद्रपदात पर्युषणाचं दहा दिवसांचं पर्व आलं. आक्काताईंनी दहाही दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. बस्तीत पंडितजी अहिंसेवर बोलत होते. सूक्ष्म जीवाला जपावं, त्याचं मरण आपल्या हातून घडू नये. आक्काताई खांबाआड बसून ऐकत होत्या. जपायचं तेवढं त्यांनी जपलं होतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी क्षमावणी. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांच्या घरी जाऊन हात जोडतात, वर्षभरातलं चुकलंमाकलं माफ करा म्हणतात, आणि समोरचाही तेच म्हणतो. सुकुमार पांढरं धोतर नेसून आला. उंबऱ्यातच हात जोडून म्हणाला, "मामी, काही कमीजास्त बोललो असेन तर क्षमा करा."

रीतीप्रमाणं आक्काताईंनी फक्त हात जोडायचे होते. पण त्यांना ते जमलं नाही.

"आधी ऐका," त्या म्हणाल्या. आणि चार पदर, निवळ, रेडकू, आरशाचं बोलणं, राहीबाईनं सांगून न ऐकलेलं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग पदर पसरून म्हणाल्या, "तुमची लेक माझ्या हातानं उपाशी मेली. मला क्षमा करा."

सुकुमारचे हात जोडलेलेच होते. त्याचे ओठ हलले. क्षमेचा शब्द सकाळपासून तो वीस घरांत बोलून आला होता, तोंडात बसलेला होता. पण आता तो बाहेर पडेना. मग हात खाली आले, तो वळला, चपला घातल्या आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

पुढं त्यानं दुसरं लग्न केलं, त्याला मुलं झाली. दरसाल क्षमावणीच्या दिवशी गाव आक्काताईंकडं येऊन हात जोडून जायचं. त्याही जोडायच्या. आणि सांगलीहून येणारी शेवटची यष्टी येऊन जाईपर्यंत दार उघडं ठेवून बसायच्या.